भाषा एक बाब, देश दुसरी : संकेतस्थळ काढणाऱ्या व्यापारी बांधवांसाठी

बाजारपेठेत गादीवर बसलेला दुकानदार गिऱ्हाईक दारात आले की क्षणात ओळखतो, याच्याशी कोणत्या भाषेत बोलावे. मालेगावचा कापडवाला बाहेरगावच्या आडत्याशी हिंदीत बोलतो, तालुक्याच्या खेड्यातून आलेल्या शेतकऱ्याशी मराठीत बोलतो आणि घरच्या माणसाला उर्दूत हाक मारतो. कोकणातील मुसलमान घरात कोकणी बोलतो, कचेरीत मराठी लिहितो आणि आखातात गेल्यावर कामापुरती अरबीही शिकतो. हे कौशल्य कोणी शाळेत शिकवलेले नाही, पिढ्यानपिढ्यांच्या व्यापारातून ते अंगी आलेले आहे.

परंतु हाच दुकानदार जेव्हा आपले दुकान इंटरनेटवर मांडतो, तेव्हा हे सारे कौशल्य तो संकेतस्थळ तयार करून देणाऱ्याच्या स्वाधीन करतो. तो माणूस एका कोपऱ्यात भाषांची यादी लावतो, तिच्याशेजारी चार देशांचे झेंडे लावतो आणि काम झाले असे सांगतो. मालकही समाधान मानतो. पुढे कुवेतचे गिऱ्हाईक किंमत चुकीची वाचते, दुबईच्या गिऱ्हाइकाला पत्ता भरता येत नाही आणि नागपूरच्या गिऱ्हाइकासमोर इंग्रजी पान उघडते. मागणी येत नाही आणि ती का येत नाही हे कळतही नाही, कारण दुकानातून रिकाम्या हाताने परतलेले गिऱ्हाईक निदान डोळ्यांना दिसते, संकेतस्थळावरून परतलेले दिसत नाही.

भाषा व देश यांची ही निवड तांत्रिक बाब म्हणून कारागिरावर सोडून देण्यासारखी नाही, ती व्यापाराची बाब आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

भाषा म्हणजे देश नव्हे

सर्वप्रथम एक गोष्ट ध्यानात घेणे अगत्याचे आहे. गिऱ्हाईक कोणती भाषा वाचते हा एक प्रश्न आणि ते कोणत्या देशात राहते हा दुसरा. पहिल्या प्रश्नाच्या उत्तरावरून पानावरील मजकूर ठरतो. दुसऱ्याच्या उत्तरावरून चलन, कर, टपालखर्च, पत्त्याचा नमुना आणि माल पोहोचण्याची मुदत ठरते. रत्नागिरीचा माणूस कुवेतमध्ये नोकरी करतो म्हणून त्याची भाषा अरबी होत नाही. त्याला मराठी मजकूर हवा असतो आणि किंमत मात्र दिनारमध्ये. दोन्ही प्रश्न एकाच खटक्यात गुंतवले की हा माणूस अडकतो. मराठी निवडावे तर किंमत रुपयांत व पत्ता भारताचा, कुवेत निवडावे तर सारे पान अरबीत.

संगणकाच्या जगात या दोन्हींसाठी वेगवेगळ्या खुणा ठरलेल्या आहेत. भाषेसाठी आयएसओ ६३९ हे प्रमाण आहे, देशासाठी आयएसओ ३१६६. दोन्हींत बहुधा दोन अक्षरे असतात आणि येथेच घोटाळा होतो. मराठी भाषेची खूण 'एमआर' अशी आहे, पण देशांच्या यादीत तीच दोन अक्षरे मॉरिटानिया या आफ्रिकेतील देशाची आहेत. अरबी भाषेची खूण 'एआर', पण देश म्हणून ती अर्जेंटिना होते. 'एसए' देश म्हणून सौदी अरेबिया, भाषा म्हणून संस्कृत. आपल्या मोटारींच्या पाटीवर असणारी 'एमएच' ही अक्षरे देशांच्या यादीत मार्शल बेटांची आहेत. म्हणून रीत अशी की, आधी भाषेची खूण, मग आडवी रेघ, मग देशाची खूण. भारतातील मराठीसाठी 'एमआर-आयएन', सौदी अरेबियातील अरबीसाठी 'एआर-एसए'. आपले संकेतस्थळ करणाऱ्याला प्रत्येक व्यापाऱ्याने एवढा एक प्रश्न जरूर विचारावा : आमच्या मराठी पानावर भाषेची खूण कोणती लावली आहे? उत्तर 'हिंदी' असे आले किंवा उत्तरच आले नाही, तर काम अपुरे आहे असे समजावे.

ही खूण केवळ कागदोपत्री नसते. 'ल' आणि 'श' ही अक्षरे मराठीत व हिंदीत वेगळ्या वळणाने लिहिली जातात. दोन्ही वळणांची सोय असलेल्या फॉन्टमध्ये खूण मराठीची असेल तर मराठी वळण उमटते, नसेल तर हिंदी. अंध वाचकाला पान वाचून दाखवणारे यंत्र याच खुणेवरून उच्चार ठरवते. लिपी एक म्हणून भाषा एक, असे मानणाऱ्याने हिंदीतील 'शिक्षा' म्हणजे शिक्षण आणि मराठीतील 'शिक्षा' म्हणजे दंड, एवढे जरी आठवले तरी पुरे आहे.

उर्दूवर कोणाचा झेंडा?

आता एका नाजूक प्रश्नाकडे वळतो. भाषांच्या यादीत प्रत्येक भाषेपुढे एखाद्या देशाचा झेंडा लावण्याची प्रथा पडली आहे. ही प्रथा मुळातच चुकीची आहे. इंग्रजीपुढे कोणता झेंडा लावणार, इंग्लंडचा की अमेरिकेचा? अरबी तर वीसहून अधिक देशांची राजभाषा आहे. पण आमच्या दृष्टीने सर्वात जास्त खटकते ते उर्दूपुढे पाकिस्तानचा झेंडा लावणे. उर्दू ही भारतीय राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील भाषा आहे. २०११ च्या जनगणनेत ५ कोटींहून अधिक भारतीयांनी ती मातृभाषा म्हणून नोंदवली आहे. भारतातील उर्दूसाठी 'यूआर-आयएन' ही स्वतंत्र खूण उपलब्ध आहे. असे असताना भिवंडीच्या यंत्रमागवाल्याने आपल्या भाषेत पान वाचावे म्हणून परक्या देशाच्या झेंड्यावर बोट ठेवावे, ही गोष्ट मनाला लागते आणि व्यवहारालाही बाधते. कारण यादीत फक्त 'उर्दू (पाकिस्तान)' एवढेच असेल, तर देशाच्या निवडीबरोबर चलन व पत्त्याचा नमुनाही त्याच देशाचा येण्याची भीती असते. अनेक देशांच्या चलनाला रुपया म्हणतात. नुसते 'आरएस' लिहिले तर तो भारताचा, पाकिस्तानचा, नेपाळचा, श्रीलंकेचा की मॉरिशसचा हे कळत नाही. २०१० साली भारताने रुपयाचे स्वतंत्र चिन्ह स्वीकारले. ते चिन्ह किंवा 'आयएनआर' ही खूण लावणे हाच यावर उपाय होय.

या नाण्याची दुसरी बाजूही आहे. मुसलमान गिऱ्हाईक म्हटले की त्याला उर्दूच हवी, असा समज मोठमोठ्या कंपन्यांचा आहे आणि खेदाची गोष्ट अशी की आपल्यातल्या काही व्यापाऱ्यांचाही आहे. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात मुस्लिमांची संख्या सुमारे १ कोटी ३० लाख होती आणि मातृभाषा उर्दू नोंदवणारे सुमारे ७५ लाख. म्हणजे लाखो मुस्लिमांनी आपली मातृभाषा उर्दूव्यतिरिक्त दुसरी नोंदवली. कोकणात, पश्चिम महाराष्ट्रात, मराठवाड्याच्या व विदर्भाच्या खेड्यापाड्यांत मराठी शाळेत शिकलेला मुसलमान मराठीच सहज वाचतो. त्याच्या नावावरून त्याची भाषा ठरवणे हा त्याच्यावर अन्याय आहे आणि व्यापाराच्या दृष्टीने मूर्खपणा आहे. नाव पाहून अंदाज करू नये, विचारावे.

कुरआनात सूरह रूममध्ये माणसांच्या भाषा व रंग यांतील भिन्नता ही अल्लाहच्या निशाण्यांपैकी एक सांगितली आहे. सूरह इब्राहीममध्ये प्रत्येक प्रेषिताला त्याच्या लोकांच्या भाषेतच पाठविल्याचे सांगितले आहे. सत्याचा संदेश जर लोकांच्या भाषेत दिला जातो, तर मालाची किंमत व अटी परक्या भाषेत का सांगाव्यात, याचा विचार आपण करावयास नको काय?

यंत्राचा अंदाज आणि गिऱ्हाइकाची इच्छा

संकेतस्थळ गिऱ्हाइकाची भाषा दोन प्रकारे ताडते. गिऱ्हाइकाच्या संगणकात वा मोबाइलमध्ये भाषांची पसंती नोंदवलेली असते आणि पान मागवताना ती आपोआप पाठवली जाते. ही खूण बऱ्यापैकी भरवशाची, परंतु पूर्ण नव्हे. कारण आपल्याकडे असंख्य लोकांचा मोबाइल इंग्रजीत असतो आणि वाचन मराठीत. दुसरी रीत म्हणजे इंटरनेटच्या जोडणीच्या क्रमांकावरून देश ओळखणे. त्यावरून भाषा ठरवणे तर सरळसरळ चूक आहे. दुबईतून येणारे गिऱ्हाईक मलबारी असेल, पठाण असेल, फिलिपिनो असेल किंवा महाडचे असेल.

म्हणून अंदाज करण्यास हरकत नाही, पण तो लादू नये. पानाच्या वर एक ओळ असावी : 'हे पान मराठीतही आहे, पाहावयाचे काय?' गिऱ्हाइकाने एकदा निवड केली की ती लक्षात ठेवावी आणि पुन्हा पुन्हा विचारू नये. युरोपीय संघाने तर डिसेंबर २०१८ पासून लागू झालेल्या नियमानुसार, गिऱ्हाइकाच्या संमतीशिवाय त्याला एका देशाच्या पानावरून दुसऱ्या देशाच्या पानावर ढकलण्यास व्यापाऱ्यांना बंदी केली आहे. आपल्या व्यापाऱ्याने कायद्याची वाट न पाहता ही सभ्यता पाळावी.

यादीतील भाषांची नावे त्या त्या भाषेत व लिपीत लिहावीत. मराठीचे नाव मराठीत, अरबीचे अरबीत, उर्दूचे उर्दू लिपीत. ज्याला इंग्रजी येत नाही त्याच्यासाठी 'मराठी' हा शब्द इंग्रजी अक्षरांत लिहिणे म्हणजे आंधळ्याला पाटी दाखवणे होय. उर्दू व अरबी पानांची मांडणीही उजवीकडून डावीकडे असावी. केवळ अक्षरे बदलून भागत नाही, रकाने, बाण व चित्रांचा क्रमही उलटावा लागतो.

शोधयंत्राबाबतही दोन शब्द. प्रत्येक भाषेच्या पानाला स्वतंत्र पत्ता हवा. एकाच पत्त्यावर मजकूर बदलत राहिला तर गुगलसारख्या शोधयंत्राला मराठी पान सापडणे कठीण होते. गुगलने २०११ साली 'एचरेफलँग' नावाची खूण सुरू केली. तिने एकाच मालाची निरनिराळ्या भाषांतील पाने एकमेकांशी जोडली जातात. अट अशी की जोडणी दोन्ही बाजूंनी हवी. मराठी पानाने अरबी पानाकडे बोट दाखवले आणि अरबीने मराठीकडे दाखवले नाही, तर ती खूण धरली जात नाही. या खुणेत नुसता देश लिहून चालत नाही, भाषा आधी लिहावीच लागते.

शब्दही पारखून घ्यावेत. मिरजेच्या कारागिरांच्या सतार व तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. हे वाद्य मराठी माणूस 'तंबोरा' म्हणून शोधतो, हिंदी व इंग्रजीवाला 'तानपुरा' म्हणून. मराठी पानावर इंग्रजी नाव तसेच उतरवले तर घरचे गिऱ्हाईक मुकते.

आकड्यांचा खरा धोका

भाषेची चूक झाली तर गिऱ्हाईक नाराज होते, आकड्याची चूक झाली तर पैसा जातो. म्हणून येथे जरा सविस्तर लिहितो.

कुवेतचा दिनार, बहारीनचा दिनार आणि ओमानचा रियाल यांचे हजार भाग पडतात, शंभर नव्हे. त्यामुळे तेथे किंमत दशांश चिन्हानंतर तीन आकड्यांनी लिहितात. १.५०० दिनार म्हणजे दीड दिनार. हाच आकडा जर्मनीतील गिऱ्हाईक दीड हजार असा वाचते, कारण तेथे हजार दाखवण्यासाठी टिंब वापरतात आणि दशांशासाठी स्वल्पविराम. एका कुवेती दिनारचे मोल अडीचशे रुपयांहून अधिक आहे हे लक्षात घेतले, म्हणजे एका टिंबाची किंमत किती हे कळेल. आपली लाख-कोटीची विभागणीही परदेशी गिऱ्हाइकाला बुचकळ्यात टाकते. १०,००,००० हा आकडा त्याच्या सवयीप्रमाणे १,०००,००० असा हवा.

अंकांची लिपी हीही एक निवड आहे. संगणकांत सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या युनिकोड संस्थेच्या माहितीसंचात मराठीसाठी देवनागरी अंक गृहीत धरले आहेत, हिंदीसाठी इंग्रजी अंक. भारतातील उर्दूसाठी उर्दू अंक, तर पाकिस्तानातील उर्दूसाठी इंग्रजी. मराठी पानावर मराठी अंक असावेत हे आम्हांला मान्यच आहे, ते आपल्या भाषेचे भूषण आहे. परंतु दूरध्वनी क्रमांक, बँक खात्याचा क्रमांक व मालाचा क्रमांक इंग्रजी अंकांतही द्यावा, कारण तो पुढे दुसऱ्या यंत्रात भरावयाचा असतो.

चलनाबाबत एक व्यवहारी सूचना. सौदी रियाल १९८६ पासून एका डॉलरला ३.७५ या दराने आणि अमिरातीचा दिरहम १९९७ पासून ३.६७२५ या दराने डॉलरशी बांधलेला आहे. या दोन देशांसाठी डॉलरमध्ये भाव ठरवला, तर रियाल व दिरहममधील आकडे रोज बदलावे लागत नाहीत. आपल्यासाठी बदलतो तो रुपयाचा दर आणि त्याची जोखीम व्यापाऱ्याने भाव ठरवताना धरावी. किंमत कराशिवाय की करासह, हेही देशागणिक लिहावे. दोन्ही देशांत मूल्यवर्धित कर २०१८ च्या प्रारंभी ५ टक्क्यांनी सुरू झाला, सौदी अरेबियाने तो जुलै २०२० पासून १५ टक्के केला.

तारीख, ईद आणि सुट्टी

०४/०७ ही तारीख आपल्याकडे ४ जुलै, अमेरिकेत ७ एप्रिल. महिन्याचे नाव अक्षरांत लिहिले की वाद मिटतो.

आपल्या व्यापाऱ्यांसाठी याहून मोठी बाब हिजरी तारखेची आहे. वर्षातील सर्वात मोठी मागणी ईदच्या आधी येते. सौदी अरेबियात 'उम्मुल कुरा' या नावाचे ठरलेले पंचांग आहे आणि अरबी-सौदी निवड असलेल्या कित्येक मोबाइल-संगणकांवर तारीख आपोआप त्याच पंचांगाप्रमाणे दिसते. आपल्याकडे महिना चंद्रदर्शनावर ठरतो आणि दोन्हींत बहुधा एखाद्या दिवसाचा फरक पडतो. 'रमजानच्या २० तारखेपर्यंत नोंदवलेला माल ईदपूर्वी मिळेल' असे नुसते लिहिले, तर रियाधच्या व सोलापूरच्या गिऱ्हाइकाची २० तारीख एक असेलच असे नाही. ईद झाल्यावर पोहोचलेला नवा पोशाख कोणाच्या कामाचा? म्हणून हिजरी तारखेबरोबर इंग्रजी तारीख लिहिलीच पाहिजे.

आठवडी सुट्टीचेही तसेच. सौदी अरेबियाने २०१३ साली सुट्टी गुरुवार-शुक्रवारऐवजी शुक्रवार-शनिवार केली. अमिरातीच्या सरकारी कचेऱ्यांनी जानेवारी २०२२ पासून शनिवार-रविवार स्वीकारला, शुक्रवारी अर्धा दिवस काम. 'कामाचे तीन दिवस' म्हणजे कोणत्या देशाचे, हे सांगितले नाही तर तक्रार ठरलेली.

पत्त्याचा नमुनाही देशाप्रमाणे बदलावा. सहा आकडी पिन कोड भरल्याशिवाय पुढे जाऊ न देणारा नमुना दुबईच्या गिऱ्हाइकाला अडवतो, कारण अमिरातीत पिन कोडच नाहीत, तेथे टपालपेटीचा क्रमांक चालतो. दूरध्वनीसाठीही दहा आकड्यांची सक्ती नसावी.

अनुवादाची जबाबदारी

गुगलच्या अनुवादयंत्रात २०१३ पासून मराठी आहे आणि ते दिवसेंदिवस सुधारते आहे हे खरे. कच्च्या मसुद्यासाठी त्याचा उपयोग जरूर करावा. परंतु किंमत, माप, माल परत घेण्याच्या अटी व हमी या चार गोष्टी जाणत्या माणसाने वाचल्याशिवाय छापू नयेत. 'परतावा' हाच शब्द पाहा. कोणी त्याचा अर्थ पैसे परत मिळणे असा करील, कोणी गुंतवणुकीवरील उत्पन्न असा. 'माल परत घेऊ' आणि 'पैसे परत देऊ' यांत तर जमीन-अस्मानाचे अंतर आहे.

इस्लामने ज्या सौद्यात संदिग्धता आहे, ज्यात एका बाजूला काय मिळणार हे नीट ठाऊक नाही, असा सौदा 'गरर' म्हणून निषिद्ध ठरविला आहे. उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याची आज्ञा सूरह बकराच्या २८२ व्या आयतीत आहे. लिहून ठेवण्यामागील हेतू हाच की दोन्ही पक्षांना एकच अर्थ कळावा. अटी इंग्रजीत बारीक अक्षरांत ठेवून मराठी गिऱ्हाइकाकडून 'मान्य' म्हणून घेणे हे कायद्यात बसत असेलही, परंतु त्या आज्ञेच्या हेतूत बसते काय, हे प्रत्येक व्यापाऱ्याने आपल्या मनाला विचारावे.

लहान कारागिराने काय करावे?

कोणी म्हणेल की हे सारे मोठ्या कंपन्यांना परवडणारे आहे, घरात दोन माग असलेल्या विणकराने किंवा अत्तराच्या छोट्या दुकानदाराने काय करावे? आमचे उत्तर असे की सात भाषांचा देखावा करण्यापेक्षा दोन भाषा नीट कराव्यात. आपल्या गिऱ्हाइकांची वही काढावी, गेल्या वर्षी माल कोठे गेला ते पाहावे आणि त्यावरून भाषा ठरवाव्यात. महाराष्ट्रातील बहुतेकांसाठी मराठी व इंग्रजी येथून प्रारंभ होईल, काहींसाठी मराठी व उर्दू. अरबी तेव्हाच जोडावी जेव्हा अरबीत आलेल्या पत्राला अरबीत उत्तर देणारा माणूस हाताशी असेल. पान अरबीत आणि उत्तर इंग्रजीत, हा पाहुण्याला दारात बोलावून आत पाणी न विचारण्याचा प्रकार आहे.

दुसरे असे की सर्व पाने एकदम न करता आधी एकच पान करावे. त्यावर माल, किंमत, मापे, माल परत करण्याच्या अटी आणि संपर्क एवढेच असावे. ते दोन्ही भाषांत शब्दाला शब्द जुळावे. भाषेचा खटका वेगळा व देशाचा वेगळा ठेवावा. मग ते पान घरातील वडीलधाऱ्याला व आखातातील एखाद्या नातलगाला दाखवावे आणि त्यांना मोबाइलवर मागणी नोंदवावयास सांगावे. ते जेथे अडखळतील तेथे दुरुस्ती करावी.

तिसरे, हे काम एकट्याने करण्याचे नाही. प्रत्येक शहरात आपल्या व्यापाऱ्यांच्या संघटना आहेत, मराठी व उर्दू शाळा-महाविद्यालये आहेत, दोन्ही भाषा उत्तम जाणणारी मुले-मुली आहेत. संघटनांनी माप, हमी, माल परत करण्याच्या अटी यांचा एक नमुना मराठी, उर्दू व इंग्रजीत एकदाच तयार करून घेतला, तर शेकडो सभासदांचे काम होईल आणि शिकलेल्या मुलांना योग्य मोबदल्याचे कामही मिळेल. संमेलने व सत्कार यांवर होणाऱ्या खर्चाचा अल्पसा भाग यासाठी पुरेसा आहे.

आपला कारागीर मालात कमी नाही. मालेगावची साडी, भिवंडीचे कापड, मिरजेची सतार, औरंगाबादचे हिमरू जगाच्या बाजारात उभे राहू शकते. मात्र तो माल ज्याला घ्यावयाचा आहे त्याला त्याच्या भाषेत, त्याच्या चलनात, त्याच्या तारखेत सांगितला गेला पाहिजे. या ईदच्या हंगामापूर्वी प्रत्येक व्यापारी बांधवाने आपले पान एकदा गिऱ्हाईक होऊन उघडावे, भाषा बदलून पाहावी, देश बदलून पाहावा आणि एक मागणी स्वतः नोंदवून पाहावी. जे दिसेल त्यावरून पुढचे काम आपोआप ठरेल, इन्शाअल्लाह.